शेवटच्या बाकापर्यंत

फळ्यावर घड्याळाचा गोल काढून झाला आणि लॉरना कांगासनं मान वर करून फळ्याच्याही वर, उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथं झेंडा होता. झेंड्याच्या काठीला कुणीतरी अडकवलेला कागदी बर्फाचा तारा होता. आरसा तेवढा नव्हता. बावीस पोरं तिच्या पाठीमागे बसली होती आणि त्यांतलं कोण कुणाची वेणी ओढतंय हे कळायला तिला आता सबंध मागे वळावं लागणार होतं.

ती वळली. मागच्या भिंतीशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर कॉलेजच्या ब्रॅकेटबाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा आणि मांडीवर तपासणीचा कागद. दुसरीवर यारेली ओचोआ, लॉरनाची वर्गातली जोडीदार. कॉलेजची पद्धतच तशी होती: एकानं शिकवायचं आणि जोडीदारानं मागे बसून फक्त टिपायचं की शिकवणाऱ्याची नजर कुठं कुठं जाते. यारेलीनं कागदावर एक रेघ ओढली, ओठ दाताखाली धरला आणि हळूच दोन्ही हातांची बोटं दाखवून वर आणखी एक दाखवलं. अकरा. अकरा वेळा लॉरनानं नसलेल्या आरशात पाहिलं होतं.

जित्याची खोड, दुसरं काय! सोळा वर्षं शाळेची पिवळी बस चालवलेल्या बाईची मान आपोआप वर जायची. खाडीकाठचा तो रस्ता, समोरून येणारे ओंडक्यांचे ट्रक, डोक्यावरच्या लांबोड्या आरशात मागची पन्नास डोकी. गावातली पंचविशीच्या आतली निम्मी माणसं तिनं आधी आरशातच पाहिली होती. त्यांतली बरीचशी नात्यानं तिची भाचवंडंच लागत, म्हणून सगळी बस तिला मावशी म्हणायची. मग ओचोआंच्या घरातलीही म्हणू लागली, आणि त्यांचं तर तिच्याशी नातं शोधायला मेक्सिकोपर्यंत जावं लागलं असतं.

बसमध्ये पोरांना गप्प बसवायचं म्हणून ती त्यांच्याकडून महिने म्हणवून घ्यायची, पाढे म्हणवून घ्यायची, रस्त्यातले पूल मोजायला लावायची. चार वर्षांपूर्वी दुसरीच्या हॉगनबाईंनी तिला फाटकाशी गाठून विचारलं होतं, "ही पोरं माझ्याकडे येतात ती बेरजा शिकूनच येतात. यांना शिकवतं कोण?"

"बस," लॉरना म्हणाली होती.

"मग बसनं आता रीतसर पदवी घ्यावी," हॉगनबाई म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात त्यांनी तासाभराच्या अंतरावरच्या कम्युनिटी कॉलेजचा अर्ज तिच्या हातात कोंबला. चव्वेचाळिसाव्या वर्षी लॉरना पुन्हा विद्यार्थिनी झाली. संध्याकाळचे वर्ग, शनिवारचे वर्ग, मधल्या वेळात बसच्या स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून वाचन. नवऱ्याला चार वर्षांत चार पदार्थ रांधता येऊ लागले, आणि त्यांतले दोन खाण्यासारखे होते. आता सगळं होत आलं होतं. जूनमध्ये हॉगनबाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि सप्टेंबरमध्ये नवं वर्ष सुरू होताना त्यांच्या जागी कोण, ते शाळेला मार्चच्या आत ठरवायचं होतं. आजची तपासणी पार पडली तर लॉरना. नाही पडली तर सत्र पुन्हा करायचं, आणि जागा काही तिच्यासाठी वर्षभर रिकामी राहणार नव्हती.

ब्रॅकेटबाईंच्या कागदावर तेवीस ओळी होत्या. त्यांतली एक त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या वर्गासमोर ठळक अधोरेखित केली होती. "बाकीचं शिकता येतं," त्या म्हणाल्या होत्या. "या ओळीवर मी फुली मारली, तर बाकीच्या बावीस मी पाहणारसुद्धा नाही." वर्ग रिकामा झाल्यावर एकही मूल मागे राहिलेलं नाही याची शिक्षिकेनं खात्री केली, अशी ती ओळ होती.

लॉरनाला ती ओळ पाठ करावी लागली नव्हती.

"हं," ती पोरांना म्हणाली, "काढा आपापली पुस्तकं. काल रात्रीची ओहोटी किती वाजता होती?"

बावीस हात बाकांखाली गेले आणि भरती-ओहोटीच्या वेळांच्या चिमुकल्या पुस्तिका वर आल्या. गळाच्या दुकानात फुकट मिळणारी ही पुस्तिका गावात प्रत्येक गाडीत असते, प्रत्येक फ्रिजवर असते. घड्याळ शिकवायला लॉरनानं दुसरं काही शोधलंच नाही.

"दहा चाळीस!" कोल्टन नावाचा मुलगा उभा राहून ओरडला.

"बसून ओरड. काटे काढून दाखवायला ये कुणीतरी. इत्सेल?"

इत्सेल ही कालवं वेचणाऱ्यांची मुलगी. ती डोळे चोळत आली, मोठा काटा आठावर काढला, छोटा दहा आणि अकराच्या मधे, अकराच्या बाजूला जरा जास्त.

"बरोबर. आणि आई किती वाजता गेली?"

"आठला."

"ओहोटी पावणेअकराच्या सुमाराला, मग आठला जाऊन काय केलं?" लॉरनानं मुद्दाम वेड पांघरलं.

इत्सेलनं तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पाणी उतरायला लागलं की जायचं असतं, मावशी. दहा चाळीसला गेली तर काय, पाण्याबरोबर परत यायला?"

वर्ग खदखदून हसला. "बाई म्हण! वर्गात बाई म्हणायचं!" कोल्टन ओरडला.

"बाई," इत्सेल म्हणाली आणि जांभई दिली.

मग आठपासून दहा चाळीसपर्यंत किती वेळ झाला ते जोडीजोडीनं मोजायला लॉरनानं पोरांना मोकळं सोडलं. कुणी जमिनीवर बसलं, कुणी खिडकीत. वर्गात असा गलका झाला की दुसरी एखादी बाई घाबरली असती. लॉरनाला बरं वाटलं, तिला बसमध्ये असल्यासारखं वाटलं. एक पोरगी बोटांवर मोजत होती, तिच्याशी ती गुडघ्यावर बसली. एकानं उत्तर दोन तास चाळीस मिनिटं काढलं आणि वर विचारलं, "आणि परत येताना तेवढाच वेळ लागतो का?" ब्रॅकेटबाईंची लेखणी भरभर चालत होती. मागून यारेलीनं अंगठा वर केला.

आणि लॉरनाच्या मनात आलं, या पोरीचे आपल्यावर किती उपकार आहेत.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी, गणिताच्या वर्गात, ती दाराशी घाबरून उभी होती. आत सगळी अठरा-वीस वर्षांची मुलं, आणि तिला वाटलं, हे आपल्याला साफसफाईला आलेली बाई समजणार. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "मावशी? तू इथं?" आणि एका मुलीनं शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून खाली ठेवली. चार वर्षं त्या खुर्चीनं तिला तारलं. संगणक यारेलीनं शिकवला. संख्याशास्त्रात लॉरना दोनदा रडली, दोन्ही वेळा यारेलीनं तिला टाको खायला नेलं आणि परत आणून बसवलं.

आणि चारही वर्षं दोघींनी एक गोष्ट कधी काढली नाही.

लॉरनाचं बसवरचं ते पहिलंच वर्ष होतं. फेब्रुवारी महिना. हिवाळ्यात खोल ओहोटी रात्रीच येते, म्हणून कालवं वेचणारे रात्रभर चिखलात असतात, आणि त्यांची पोरं आईबापांची वाट पाहत अर्धी रात्र जागतात. असंच एक सात वर्षांचं पोर बसच्या मागच्या बाकावर झोपून गेलं. शाळेपाशी बस रिकामी झाली की चालकानं शेवटच्या बाकापर्यंत चालत जायचं, प्रत्येक बाक पाहायचा, आणि मागच्या खिडकीत 'रिकामी' अशी पाटी लावायची, हा नियम. त्या दिवशी लॉरनाच्या मुलाला ताप होता. तिनं बाहेरून मागचं दार उघडलं, पाटी अडकवली आणि घर गाठलं. दहा वाजता गॅरेजच्या माणसाला त्या थंड बसमध्ये यारेली सापडली.

मुख्याध्यापकांच्या खोलीत पोरीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी लपले होते." झालं. पाटी लागलेली होती आणि पोर लपलं होतं. चालकाचा दोष नव्हता. पोरीची चार दिवसांची मधली सुट्टी बंद झाली. लॉरना तिथंच उभी होती, आणि तिनं तोंडात गुळणी धरली. भेदरलेल्या पोरीच्या तोंडात मोठ्यांनी शब्द घातले असतील, असं तिनं स्वतःला समजावलं. तेव्हापासून आजपर्यंत एकही दिवस ती शेवटच्या बाकापर्यंत चालल्यावाचून बसमधून उतरली नव्हती. पण त्यानं त्या चार सुट्ट्या काही परत आल्या नव्हत्या.

जेवणाची घंटा झाली. दारात स्वयंपाकघरातली बाई येऊन उभी राहिली. पोरांनी धक्काबुक्की करत रांग लावली, आणि रांग निघता निघता कोल्टन वळून म्हणाला, "बाई, उद्या पण हेच करायचं?" लॉरनाला इतका आनंद झाला की ती नुसती हात हलवत दाराशी उभी राहिली. रांग वळणावरून दिसेनाशी झाली.

"ये, बस," ब्रॅकेटबाईंनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर सहसा न दिसणारं काहीतरी होतं; हसूच असावं. "बावीस वर्षं मी हे तपासतेय. घड्याळाचा धडा मी इतका..."

लॉरनानं खुर्ची ओढली, पण तिला बसवेना. आपल्या पायांना काहीतरी करायचं राहिलंय, हे तिला आधी पायांतूनच कळलं.

"एक मिनिट, बाई."

ती पहिल्या बाकापाशी गेली. त्याच्या पाठीला हात लावला, वाकून खाली पाहिलं, पुढे गेली. दुसरा बाक, तिसरा. ब्रॅकेटबाई पाहत राहिल्या. यारेलीची लेखणी थांबली. शेवटचा बाक झाला, त्याच्या मागे पुस्तकांचं कपाट, कपाटाच्या मागे कोट टांगायच्या खुंट्या. तिथं पडलेल्या कोटांच्या ढिगात इत्सेल झोपली होती. गाल पुस्तिकेवर, तोंड उघडं.

 क्षणभर लॉरनाला सकाळचे दहा वाजलेत आणि बस थंड पडलीय असंच वाटलं.

"काय आहे?" ब्रॅकेटबाई उठून आल्या. त्यांनी पाहिलं. त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

"लपली असेल," यारेली चटकन म्हणाली. ती कधी उठून आली ते कुणाला कळलं नाही. "बाई, या वयात लपतात पोरं. मोजून काय उपयोग, लपलेलं पोर..."

लॉरनानं तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांची मुलगी, केस वर बांधलेले, आणि आवाज अगदी तोच. तोच घाईचा, सरळ डोळ्यांत पाहणारा आवाज. तिच्या तोंडात कुणी काही घातलं नव्हतं. आताही नाही, आणि तेव्हाही नाही.

"नाही, यारे," लॉरना म्हणाली. "ती लपली नव्हती. रात्रभर जागलेलं पोर, ते झोपलं. बाई, दारात मोजायचं काम माझं होतं. मी मोजलं नाही. चूक माझी आहे. आणि हिला कुणी लपलीस म्हणून बोलायचं नाही. हिची सुट्टी जाता कामा नये."

शेवटचं वाक्य ब्रॅकेटबाईंना कळलं नसावं. यारेलीनं मान खाली घातली.

ब्रॅकेटबाई आपल्या खुर्चीपाशी गेल्या, कागद उचलला, आणि ठळक रेघेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

"दारात मोजलं नाहीस, हे मी लिहिणार," त्या म्हणाल्या.

"हो, बाई."

"रांग गेल्यावर तुला कुणी सांगितलं नसताना तू मागेपर्यंत चालत गेलीस, तेही लिहिणार. हे कुठं शिकलीस? माझ्या वर्गात तर नाही."

"बसमध्ये. एकदा चालले नव्हते, तेव्हा."

ब्रॅकेटबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. ओळ पुन्हा एकदा स्वतःशीच पुटपुटत वाचली. 'खात्री केली' या शब्दांपाशी त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी कागदावर काहीतरी केलं. फुली की बरोबरची खूण, ते लॉरनाला लांबून दिसलं नाही.

"त्या मुलीला उठव आणि जेवायला ने," त्या म्हणाल्या. "आणि सप्टेंबरपासून आधी दारात मोजायचं, मग चालायचं. दोन्ही."

सप्टेंबर! लॉरना कोटांच्या ढिगाशी गुडघे टेकून बसली आणि इत्सेलचे केस मागे सारत राहिली. आधी पोरीला उठवावं की आधी रडून घ्यावं, हे तिला ठरवता येईना.

दुपारी यारेली बसमध्ये चढली. तिची जुनी पिकअप तीन दिवसांपासून दुरुस्तीला होती. ती मागच्या बाजूला, उजवीकडच्या बाकावर जाऊन बसली, आणि लॉरनानं आरशात पाहिलं तेव्हा पोरांच्या डोक्यांमागे तिचं डोकं दिसलं. कालवांच्या शेडपाशी यारेलीच्या आईचा थांबा आला. दार उघडलं, सहा पोरं उतरली. यारेली उतरली नाही.

गॅरेजात बस थांबवून लॉरनानं इंजिन बंद केलं. आरशातून पाहतच तिनं विचारलं, कारण समोरून विचारायची तिची हिंमत नव्हती.

"तेव्हा तसं का सांगितलंस?"

"नवी चालक आली असती," यारेली म्हणाली.

"मग येऊ द्यायची."

"तुझ्या आधीचा तो म्हातारा आठवतो? भोंगा वाजवायचा आणि निघून जायचा. आई चिखलातून यायची सातला, मी स्वतःचे बूट स्वतः घालायची, उजवा डाव्यात. दोन मिनिटं उशीर झाला की बस गेली, शाळा गेली. तू आलीस आणि थांबायला लागलीस." तिनं समोर, स्टिअरिंगच्या वरच्या कप्प्यात खोचलेल्या पुस्तिकेकडे बोट केलं. "ओहोटी कधी ते पाहून थांबायचीस. मला माहीत होतं. सात वर्षांची होते, मूर्ख नव्हते."

"चार दिवस भिंतीशी उभी राहिलीस तू. माझ्यामुळं."

"राहिले. फार वाईट वाटलं. वर्गातला डॅनी झोका घेऊन मला वेडावून दाखवायचा." ती हसली. "पण पाचव्या दिवशी सकाळी तू थांबली होतीस ना."

लॉरनानं डोळे पुसले, तरी आरसा काही स्पष्ट दिसेना.

"पोरी, उपकार झाले तुझे. पंधरा वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं. तेव्हाचे, आणि त्या खुर्चीवरची पिशवी उचललीस त्याचे, आणि संख्याशास्त्राचे. सगळे."

"झालेच," यारेली म्हणाली. "टाकोचे धरले नाहीस त्यात."

"टाकोचेही."

लॉरना उठली आणि नेहमीसारखी मागे निघाली. यारेलीही उठली. लॉरना डाव्या बाजूचे बाक पाहत गेली, यारेली उजव्या बाजूचे. दोघी वाकत होत्या, बाकांच्या पाठींना हात लावत होत्या. एक हातमोजा सापडला, अर्धं सफरचंद सापडलं. शेवटच्या बाकापाशी दोघी पोहोचल्या तेव्हा लॉरनानं पाटीसाठी हात पुढं केला.

यारेलीनं ती आधीच काढून हातात घेतली होती. तिनं आपल्या जुन्या बाकाखाली पुन्हा एकदा वाकून पाहिलं, नीट, वेळ घेऊन. मग पाटी खिडकीत अडकवली.

"आता रिकामी," ती म्हणाली.